डावीकडचा एक इंच

"हात वर कर की मावशी. एवढासा नाही, पूर्ण."

"एवढाच जातोय," मावशी म्हणाली. "तू खालनं घाल टेप."

"ताठ उभी राहा. आणि श्वास रोखू नकोस."

"गिऱ्हाइकावर आवाज चढवायचा नसतो, लीले. गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जातं."

माझ्या गळ्यात टेप, कानावर पेन्सिल आणि बगलेत मापवही. मी तेव्हा आठवीत होते आणि जन्मात पहिल्यांदा कुणाचं तरी माप घेत होते. तेही कुणाचं, तर महानंदा लेडीज टेलर्सच्या खुद्द महानंदाबाईंचं. अर्ध्या जतच्या बायकांची मापं जिच्या वहीत, तिचं माप मी घ्यायचं, यातली मजा शिवण न येणाऱ्याला कळणार नाही. शिंप्याला स्वतःचं माप घेता येत नाही. टेप पाठीवर सरकते, हात उचलला की खांदा बदलतो, आणि मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो गोल, तो तर चुकतोच. त्यामुळे मावशी एरवी जुना ब्लाउज ठेवून त्यावरनं नवा बेतायची. त्या दिवशी मात्र तिनं भरदुपारी दुकानाचं दार लावलं, पडदा ओढला आणि म्हणाली, "ये. आज तू शिंपीण."

गणपती उठून चारच दिवस झाले होते. नंदा मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत ती सासर सोडून आली आणि आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत मशीन टाकून बसली. मागच्या दारानं आमचं स्वयंपाकघर, पुढच्या दारानं तिचं दुकान. शाळा सुटली की मी पुढच्या दारानं आत यायचे आणि जेवायची वेळ होईपर्यंत मागच्या दारानं बाहेर पडायचे नाही.

छाती घेतली, कंबर घेतली, खांदा घेतला. मग डाव्या मुंढ्याला टेप फिरवताना माझ्या बोटांना काहीतरी लागलं. काखेच्या जरा खाली, पुढच्या बाजूला. लिंबाएवढं. पण लिंबू दाबलं तर थोडं तरी दबतं. हे दबलं नाही.

"हे काय गं?"

"गाठ हाय."

"कसली?"

"मला काय ठाऊक कसली. दुखत न्हाई. दुखत न्हाई त्याला आजार म्हणायचं कशाला? लिही, मुंढा किती आला?"

"आईला दाखवलीस?"

आरशातल्या मावशीनं नकारार्थी मान हलवली.

माझी आई आशा सेविका. गरोदर बायकांची नोंद, बाळांचे डोस आणि महिन्यातून एकदा बायकांची बैठक. त्या बैठकीचं एक पोस्टर आमच्या कपाटावर गुंडाळून ठेवलेलं असायचं. एका बाईचं चित्र आणि बाजूला बाण काढून लिहिलेलं: गाठ, आकारात फरक, त्वचेला खळी. भिंतीला खिळा नसला की ते पोस्टर दोन्ही हातांनी धरून मीच उभी राहायचे, आणि आई काठीनं दाखवायची. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. मला ते पाठ होतं.

"मावशी, पोस्टरवर..."

"पोस्टर मला नको सांगू. त्या पोस्टरची खोळ मी शिवलीय." ती माझ्याकडं वळली. "अक्काला कळलं की ती आधी रडंल, मग रजिस्टरात नाव घालंल, मग जीप करून मिरजेला नेईल. जीप दारात उभी राहिली की गल्ली विचारणार. माझ्याकडं नवरीचे ब्लाउज येतात, लीले. आजारी बाईच्या हातचं कोण घालंल नवरीला? एवढा सीझन जाऊ दे. मग मी स्वतः सांगते तिला."

"मग आत्ता ब्लाउज कशाला?"

"जुने सगळे डावीकडनं ओढतायत. आणि तुझ्या आईचा डोळा कसला हाय, म्हाईत हाय ना? बाई लांबनं चालत येताना कितवा महिना ते सांगती."

मला हसू आलं, कारण ते खरं होतं.

मग तिनं मला युक्ती सांगितली. डावी बाजू एक इंच जादा कापायची. टक्स, म्हणजे छातीखाली घालतात त्या चुण्या, सैल धरायच्या. आणि उजव्या बाजूला कापड आणि अस्तराच्या मधे पिंजलेल्या कापसाचा पातळ थर घालायचा, म्हणजे बाहेरनं दोन्ही बाजू एकसारख्या. वहीत मात्र दोन्हीकडचा आकडा एकच लिहायचा.

"आणि हे बघ," ती म्हणाली, "अख्खा ब्लाउज तू बेतायचा, तूच कापायचा, तूच शिवायचा. मी कात्रीला हात लावणार न्हाई. कर की. पण शपथ घे."

वर्षभर मी हुक लावत आले होते. काजं करत आले होते. कात्री धरू दे म्हणून किती नाकदुऱ्या काढल्या होत्या तिच्या. मी कापडाच्या थप्पीकडं बघितलं आणि म्हटलं, "घेतली."

इतकं सोपं होतं ते.

मोरपंखी खणाचं कापड होतं. अस्तर आधी भिजवून वाळवलं, नाहीतर धुतल्यावर ते आवळतं आणि वरच्या कापडाला चुण्या पडतात. खडूनं रेघा मारल्या. मावशी शब्दाला जागली, कात्रीला हात लावला नाही. फक्त तोंड चालू. "खडू दाबू नको, ती पाटी न्हाई." "आत माया ठेव, जादाचं कापड दोन्ही शिवणींत ठेव. उद्या सुटली तर वाढवता येतंय." कापसापाशी मी अडले.

"किती घालू?"

"घाल, लांब जाऊन बघ, परत घाल."

मी तीनदा उसवून तीनदा घातला. मावशी ब्लाउज घालून आरशासमोर उभी राहायची, मी दारापर्यंत मागं जाऊन एक डोळा मिटून बघायचे. तिसऱ्या वेळी दोन्ही बाजू अशा जुळल्या की मला स्वतःलाच आठवावं लागलं, गाठ कुठल्या बाजूला आहे ते.

दसऱ्याला संध्याकाळी मावशी तो ब्लाउज घालून सोनं द्यायला मागच्या दारानं घरात आली. आईच्या हातात आपट्याची पानं होती, ती तशीच राहिली.

"फिर बघू," आई म्हणाली. "परत फिर. खांद्याला सुरकुती न्हाई, काखेत न्हाई. स्वतःसाठी एवढं नीट कधी शिवलंस?"

"मी कुठं शिवलाय? तुझ्या लेकीनं शिवलाय."

आईनं माझ्याकडं असं बघितलं, जसं त्याआधी कधीच बघितलं नव्हतं. मी अभ्यासात मध्यम, दिसायला मध्यम, नाचात तिसऱ्या रांगेत. कौतुक करायला घरात दुसरं काही नव्हतंच. आईनं मावशीला खांद्याला धरून उजेडात नेलं, शिवणीवरनं बोट फिरवलं, आणि आजूबाजूच्या चार बायकांना हाक मारून बोलावलं. "बघा गं, आठवीतल्या पोरीनं शिवलाय." बायका मावशीच्या भोवती गोल फिरल्या. मावशी मधे उभी राहून हसत होती आणि डावा हात अंगाशी धरून होती.

त्या दिवसापासनं मी बदलले. खरंच सांगते. वर्गात हात वर करायला लागले. नोव्हेंबरात आरळी मॅडमनी विचारलं, यंदा गॅदरिंगचा नाच कोण बसवणार, तर माझा हात सगळ्यांच्या आधी वर. सोळा मुलींचं कोळीनृत्य. जतमध्ये कोळीनृत्य म्हणजे विनोदच. आमच्याकडं प्यायच्या पाण्याचा टँकर येतो, समुद्र कुठला. पण मी बसवलं. मधोमध मी उभी. तिसऱ्या रांगेतली लीला कुठं गेली, ती परत दिसलीच नाही.

आणि सोळा जणींची लुगडी, सोळा ब्लाउज, हे सगळं कोण शिवणार, हा प्रश्न मला पडलाच नाही. मावशी होती की.

डिसेंबर लागला तेव्हा मशीनचा आवाज बदलला होता. मावशीचं पायमशीन म्हणजे आमच्या घरातलं घड्याळ, खडखड सुरू झालं की थांबायचं नाही. आता ते दहा टाके चाले, थांबे, परत दहा टाके. मधल्या वेळात मावशी कपाळ मशीनवर टेकून बसायची. कोरडा खोकला यायचा. आई म्हणाली, "सुताचा धुरळा जातोय नाकात, तोंडाला फडकं बांध," आणि आलं-लवंगेचा काढा देऊन तिच्या सर्व्हेला निघून गेली. त्या महिन्यात आई सकाळी आठला बाहेर पडायची ती दिवेलागणीला यायची.

गॅदरिंगला आठ दिवस राहिले होते. नऊ पोशाख झाले होते, सात बाकी होते. मी दुपारी दुकानात आले तर मावशी कापडाच्या गठ्ठ्यांना टेकून बसलेली. उशी म्हणून तीन गठ्ठे एकावर एक रचले होते.

"झोपतेस तर आत जाऊन आडवी हो की."

"आडवं झालं की कुणीतरी छातीवर बसल्यासारखं होतंय. असंच बरं वाटतंय."

"दहावा झाला?"

"बाह्या राह्यल्यात."

मी माझा स्वतःचा पोशाख अंगावर चढवला आणि आरशासमोर उभी राहिले. पिवळं लुगडं, हिरवा काठ. एक गिरकी घेतली. मागनं मावशी काहीतरी म्हणाली. मी आरशात बघतच काहीतरी म्हटलं. मग ती उठली, मशीनवर बसली आणि आम्ही दोघी कामाला लागलो. बाह्या मी कापल्या, तिनं जोडल्या.

गॅदरिंगच्या दिवशी सोळाच्या सोळा पोशाख तयार होते. मावशी मोरपंखी ब्लाउज घालून आली, पण पहिल्या रांगेत बसली नाही, फाटकाजवळच्या खुर्चीवर बसली. आमचा नाच झाल्यावर सगळं पटांगण उभं राहिलं. वन्स मोअर मिळाला. दुसऱ्यांदा नाचताना मी फाटकाकडं बघितलं, तर मावशी टाळ्या वाजवत नव्हती. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून पुढं वाकून बसली होती, जसं धावून आल्यावर बसतात तसं. मला वाटलं, रडतेय. आनंदानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा द्यायला आई पुढच्या खोलीत गेली आणि मला तिची हाक ऐकू आली. मावशी भिंतीला टेकून बसलेली. एका वाक्यात तीनदा थांबत होती. ओठ निळसर. गल्लीनं बघायला नको होती ती जीप मग सगळ्या गल्लीनं बघितली.

मिरजेच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम पन्नाशीच्या, केस पांढरे, आवाज हळू. त्यांनी मावशीला पडद्यामागं नेलं. आई बरोबर गेली. मी बाहेर बाकावर. पडद्यामागनं फक्त आईचा आवाज आला, "नंदे." एवढंच.

नंतर आम्हा तिघींना समोर बसवून डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला. एक फुफ्फुस काळं, स्वच्छ. दुसरं निम्म्याच्या वर पांढरं, टाकी भरावी तसं.

"हे पांढरं काय हो?" विचारलं मावशीनंच.

"पाणी आहे. फुफ्फुसाच्या आत नाही, भोवती." डॉक्टरांनी कागद उलटा करून चित्र काढलं. "फुफ्फुसावर एक पातळ पापुद्रा असतो. बरगड्यांच्या आतल्या बाजूला तसाच दुसरा. दोन्हींच्या मधे अगदी थोडा ओलावा. त्यामुळे श्वास घेताना ते एकमेकांवरून सरकतात."

"अस्तर," मावशी म्हणाली.

"अस्तरच म्हणा."

"दुहेरी. मग?"

"छातीतली ती गाठ. तिच्या पेशी एका जागी बसत नाहीत. काखेतल्या गाठींमधून, रक्तातून पुढं जातात. एखादी या अस्तरापाशी पोचते आणि रुजते. एकीच्या दोन, दोनाच्या चार. अस्तरावर बारीक दाणे उठतात. रोज इथं थोडं पाणी पाझरतच असतं, आणि बारीक वाटांनी ते निघूनही जातं. या पेशी त्या वाटा बुजवतात, आणि अस्तर नेहमीपेक्षा जास्त पाझरायला लागतं. मग पाणी साठतं आणि फुफ्फुसाला दाबून धरतं."

"म्हणजे आत माया न्हाई उरली," मावशी म्हणाली. डॉक्टरांना ते कळलं नाही. मला कळलं.

त्यांनी पाठीकडनं, दोन बरगड्यांच्या मधनं सुई घालून पाणी काढलं. कोऱ्या चहासारखं, लालसर. बाटली भरली, दुसरी लावली. ती निम्मी भरली तेव्हा मावशीनं महिन्याभरात पहिल्यांदा अख्खा श्वास घेतला आणि म्हणाली, "बरं वाटलं की. आता जाऊ घरी?"

"परत भरेल," डॉक्टर म्हणाल्या. "भरतच राहिलं तर आम्ही दोन्ही अस्तरांच्या मधे एक भुकटी सोडतो. त्यानं ती एकमेकांना चिकटतात. मधे जागा उरली नाही की पाणी साठत नाही."

"पेस्टिंग. कॉलरला करतो आम्ही. भुकटी कसली?"

"शंखजिऱ्याची."

"खडूची?" मावशी आईकडं वळली. "अक्का, ऐकलंस? आमच्या खडूची. डबाभर पडलाय दुकानात, येताना आणला असता."

डॉक्टर हसल्या. आई हसली नाही.

"त्यानं बरी होईल ती?" आईनं विचारलं.

"दम कमी होईल. आजार राहील. औषधानं जितका धरून ठेवता येईल तितका धरू." मग त्यांनी पेन उचललं. "गाठ कधीपासून आहे?"

मावशीनं माझ्याकडं बघितलं. क्षणभरच.

"दिवाळीनंतर कधीतरी," ती म्हणाली.

त्यांनी लिहून घेतलं. आई खुर्चीतनं उठली आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. "एवढं दिवाळीपासनं होत न्हाई. दसऱ्याला हिला फिरवून फिरवून बघितलं मी," ती भिंतीलाच म्हणाली. "उजेडात नेऊन बघितलं. गावभर बायकांना काठी घेऊन शिकवती, आणि माझ्या बहिणीचं मला दिसलं न्हाई. ब्लाउज बघत बसले मी. नुसता ब्लाउज."

मी कागदावरचं चित्र बघत होते. दोन रेघा आणि मधे टिंबं.

आई औषधं आणायला खाली गेली तेव्हा मी व्हरांड्यात डॉक्टरांना गाठलं. "तीन महिने आधी आलो असतो तर?"

"लवकर आलं की आम्हाला पुष्कळ करता येतं. पण तुझ्या मावशीच्या बाबतीत तीन महिन्यांनी नेमकं काय झालं असतं, ते मी सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकणार नाही." त्या माझ्याकडं वळल्या. "का गं? तुला काही माहीत होतं?"

"नाही," मी म्हटलं.

वॉर्डात मावशी तीन उशांना टेकून बसली होती. मला जवळ बोलावलं. "शपथ तशीच ठेव हां."

"मावशी, आईला वाटतंय की तिचंच..."

"वाटू दे. माझ्यावर ती चार दिवस चिडंल. तू तिच्यासमोर रोज असणार हायस. तिला तुझ्याकडं रोज बघायचंय, लीले."

एप्रिलमध्ये मावशी गेली. भुकटी सोडली होती, तिचा उपयोगही झाला. शेवटी दम लागत नव्हता तिला, एवढं मात्र झालं. शेवटचे दोन महिने ती आडवी झोपू शकली.

याला आता तीन वर्षं होतील. मी अकरावीत आहे, आमच्याच शाळेच्या ज्युनिअर कॉलेजात. पुढच्या खोलीतलं मशीन मी चालवते, शनिवार-रविवार. गल्लीतल्या बायका म्हणतात, पोरीच्या हातात नंदाचा हात उतरलाय. मी बोलते भरपूर, हसते भरपूर, भाषणात नंबर काढते. आई अजून बैठका घेते. पोस्टर नवीन आलंय, पण सुरुवात प्रत्येक वेळी तीच. काठी खाली ठेवते आणि म्हणते, "मी आशा हाय, आणि माझ्या सख्ख्या बहिणीची गाठ मला दिसली न्हाई. म्हणून तुम्ही दुसऱ्याच्या डोळ्यावर राहू नका, स्वतः हात लावून बघा." बायका पदर डोळ्याला लावतात. मी पोस्टरची दोन टोकं धरून उभी असते. तीन वर्षं. दर महिन्याला.

मागच्या रविवारी आई मागच्या दारानं दुकानात आली. हातात मोरपंखी ब्लाउज.

"गल्लीतल्या श्रीदेवीच्या लग्नाला घालावा म्हणती," ती म्हणाली. "ट्रंकेत पडून खराब होतोय. मला घट्ट होणार, पण आत माया असंल की. उसवून सोडून दे जरा. संध्याकाळपर्यंत झाला तर बरं."

ठेवून ती निघाली होती. माझ्या हातात वेळ होता. कापूस काढायला दहा मिनिटं, डावी बाजू बारीक करायला वीस. आईला तिच्या मापाचा ब्लाउज मिळाला असता आणि तिनं तो लग्नात चार जणींना दाखवला असता.

"आई," मी म्हटलं. "इथं बस जरा. मी उसवते, तू बघ."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"कळंल."

ती समोरच्या स्टुलावर बसली. मी उजव्या बाजूचं अस्तर उसवलं आणि कापसाचा थर बाहेर काढून तिच्या हातात दिला. तीन वर्षांत तो दबून पापडासारखा झाला होता. मग ब्लाउज उलटा करून, मधोमध घडी घालून तिच्या मांडीवर पसरला. डावी बाजू उजवीच्या बाहेर आली होती. एक इंच.

माझी आई बाईला लांबनं चालत येताना बघून महिना सांगते. तिला वेळ लागला नाही.

"दसऱ्याच्या आधी," ती म्हणाली.

"हो."

"तुला म्हाईत होतं."

"माप घेताना हाताला लागली होती. तिनं शपथ घातली."

आईनं कापूस मांडीवर ठेवला, परत उचलला. वर मी डिसेंबरचं लिहिलंय, मावशी काहीतरी म्हणाली आणि मी काहीतरी म्हटलं, असं. त्यातला शब्दन् शब्द मला पाठ आहे.

"आणि अजून एक," मी म्हटलं. "गॅदरिंगला आठ दिवस होते. तिला दम लागत होता. ती मला म्हणाली, लीले, अक्काला सांगू का गं आज? मला भ्या वाटतंय. आणि मी म्हटलं, गॅदरिंग झालं की सांग. सात पोशाख राहिलेत."

आईनं ब्लाउज उचलला, उजेडाकडं धरला आणि डाव्या शिवणीवरनं बोट फिरवलं, दसऱ्याला फिरवलं होतं तसंच, फक्त आतल्या बाजूनं. एकदा वरनं खाली, एकदा खालनं वर. मला वाटलं आता ती उठून जाईल. मला वाटलं आता ती मारेल, आणि ते बरं वाटलं असतं.

"उजवीकडं किती सुटंल?" तिनं विचारलं.

"अर्धा इंच. तुला पुरंल."

"मग तेवढं सोड. कापूस घालू नको परत."

"आणि डावीकडचं कमी करावं लागेल. तुला ढगळ होईल ते."

"नको करू कमी," आई म्हणाली. "राहू दे तिचं तेवढं."

ती उठली नाही. स्टुलावर तशीच बसून राहिली. मी सुईत दोरा ओवला आणि उजवी बाजू शिवायला घेतली.